‘मेड इन हाँगकाँग’ची रीमास्टर डिस्क : घेण्याआधी आणि घेतल्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत हा पिक्चर मी ज्यांना ज्यांना घरी दाखवला, त्यातल्या निम्म्या लोकांनी दुसऱ्या दिवशी फोन करून एकच विचारलं, प्रिंट अशी का होती, टीव्ही बिघडलाय का तुझा. मग डिस्क मागवणाऱ्यांचे प्रश्न आले, रिजनचे आले, सबटायटलचे आले. शेवटी बसून सगळं एकदाच लिहून काढलं. तांत्रिक गोष्टी आहेत, पण घरच्या टीव्हीसमोर बसून डोळ्यांनी आणि कानांनी तपासता येतील तेवढ्याच घेतल्यात.

हा पिक्चर नक्की कुठला आणि एवढं काय आहे त्यात?

१९९७ चा कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगच्या बोलीतला पिक्चर, दिग्दर्शक फ्रूट चॅन. १ जुलै १९९७ ला हाँगकाँग ब्रिटिशांकडून चीनकडे गेलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा थिएटरला लागला. बजेट ५ लाख हाँगकाँग डॉलरच्या आसपास, म्हणजे तिथल्या हिशोबात चिल्लर. युनिट पाच जणांचं, कॅमेऱ्यासमोर जवळपास सगळे नवखे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शूटिंगसाठी नवीन फिल्म विकत घेतलेलीच नाही, दुसऱ्यांच्या पिक्चरांतून उरलेल्या रॉ स्टॉकचे, म्हणजे कोऱ्या फिल्मचे तुकडे जमवून त्यावर अख्खा पिक्चर काढलाय. हिरो सॅम ली, हा पोरगा दिग्दर्शकाला रस्त्यावर स्केटबोर्ड खेळताना दिसला आणि थेट मेन रोल मिळाला. निर्माता म्हणून पाठीशी उभा राहिला तो स्टार अँडी लाऊ.

गोष्ट एवढीच, की शाळा सोडलेला, सावकाराच्या गुंडासाठी वसुली करणारा एक पोरगा, त्याच्या मागेमागे फिरणारा मतिमंद मित्र, किडनीच्या आजाराने खचत चाललेली पिंग नावाची मुलगी, आणि जिने गच्चीवरून उडी मारली त्या शाळकरी मुलीची रक्ताचे डाग पडलेली दोन पत्रं. पुढच्या वर्षी हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये बेस्ट फिल्म, बेस्ट डायरेक्टर आणि सॅम लीला नवोदित कलाकाराचं अवॉर्ड मिळालं. त्याआधी लोकार्नोच्या फेस्टिव्हलमध्ये ज्युरीचं खास बक्षीसही मिळालेलं.

रीमास्टर आणि रिस्टोअर एकच का?

नाही, आणि कव्हरवर कुठला शब्द छापलाय यावर जाऊ नका. रिस्टोअर म्हणजे मूळ फिल्म शोधायची, धुवायची, फाटलेलं जोडायचं, नव्याने स्कॅन करायचं, ओरखडे आणि धूळ काढायची, रंग बसवायचे. रीमास्टर म्हणजे नवीन मास्टर (ज्यावरून डिस्कच्या कॉप्या निघतात तो) काढणं, मग ते चांगल्या स्कॅनवरून असेल किंवा वीस वर्षं जुन्या डीव्हीडीच्या टेपवरून मोठं करूनही असेल, दोन्हींना तोच शब्द वापरतात. या पिक्चरचं मात्र खरंखुरं रिस्टोरेशन झालंय, २० वर्षं झाली म्हणून २०१७ मध्ये, मूळ निगेटिव्हवरून (कॅमेऱ्यात चाललेली फिल्म, थिएटरच्या प्रिंट तिच्यावरून निघतात) ४के मध्ये, लिमाजिने रित्रोव्हाता या लॅबकडून. ही लॅब मूळची इटलीतल्या बोलोन्याची. पुढाकार इटलीतल्याच उदिने शहरातल्या फार ईस्ट फिल्म फेस्टिव्हलचा. त्यामुळे डिस्क हातात आली की पहिला प्रश्न हाच, ही २०१७ च्या कामावरून बनवलीय की त्याआधीच्या कुठल्यातरी टेपवरून.

ते कसं ओळखायचं? कव्हरवर तर सगळेच ‘नवीन’ लिहितात.

कव्हर बाजूला ठेवा, पिक्चर लावा.

पहिली खूण सबटायटल. हाँगकाँगमध्ये १९६० च्या दशकापासून थिएटरच्या प्रिंटवरच चायनीज आणि इंग्लिश सबटायटल छापून यायची, वर चायनीजची ओळ, खाली इंग्लिशची, पांढरी अक्षरं, त्यामुळे समोर कोणी पांढरा शर्ट घालून उभा असला की काही वाचताच यायचं नाही. ही अक्षरं प्रिंटवर असतात, मूळ निगेटिव्हवर नसतात. म्हणजे सबटायटल बंद केल्यावरही चित्रात अक्षरं राहत असतील तर ती कॉपी थिएटरच्या प्रिंटवरून आलीय, निगेटिव्हवरून नाही, मग कव्हरवर काहीही छापलेलं असू दे.

दुसरी खूण वरच्या उजव्या कोपऱ्यात. साधारण १८-२० मिनिटांनी रीळ संपायला येतं तेव्हा तिथे एक गोल ठिपका क्षणभर चमकतो आणि सातआठ सेकंदांनी पुन्हा एकदा. पहिला ठिपका म्हणजे प्रोजेक्टरवाल्याने दुसरी मशीन चालू करायची, दुसरा म्हणजे त्या मशीनवर जायचं. हे ठिपके दिसले तर बहुधा प्रिंटच. मी एकदा दुसऱ्याच एका कँटोनीज पिक्चरची डिस्क घेतली होती, कव्हरवर निगेटिव्हवरून ४के स्कॅन असं ठळक छापलेलं, आणि १९ व्या मिनिटाला कोपऱ्यात ठिपका. रिवाइंड करून तीनदा बघितला. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तरच नाही. तेव्हापासून कुठलीही डिस्क आली की मी आधी तो कोपरा बघतो.

तिसरी खूण हालचाल. प्रिंट खूपदा चाललेली असली की चित्र किंचित हलत राहतं, वरखाली, विशेषतः टायटल येतात तेव्हा अक्षरांकडे बघा. मूळ निगेटिव्हचं चांगलं स्कॅन असेल तर टायटल जागेवर थांबतात.

पिक्चर इतका दाणेदार का दिसतो? डिस्क खराब आहे का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून याला वेळ देतो.

३५ एमएम फिल्म मिनिटाला ९० फूट जाते. कॅमेऱ्यावर ४०० फुटांचं मॅगझिन लावलं तर साडेचार मिनिटांच्या आसपास, १००० फुटांचं लावलं तर अकरा. मोठ्या पिक्चरचं युनिट शॉट घेतं, मॅगझिनमध्ये १५०-२०० फूट उरतात, पुढचा शॉट तेवढ्यात बसणार नाही म्हणून तो तुकडा काढून डब्यात टाकतात. ते झाले दीड-दोन मिनिटांचे तुकडे. फ्रूट चॅनने असे तुकडे जमवले. आता विचार करा, वेगवेगळ्या पिक्चरांतून आलेले, वेगवेगळ्या स्पीडचे (म्हणजे कमीजास्त उजेड लागणारे), त्यातले काही तारीख उलटून गेलेले. जुनी झालेली फिल्म धुरकटते, काळा रंग काळा न राहता राखाडी-दुधी होतो, दाणे वाढतात, रंग एका बाजूला झुकतात. त्यात लाइटचं सामान जवळपास नाही, सरकारी वसाहतींचे अंधारे व्हरांडे आणि तिथल्याच ट्यूबलाइट.

म्हणजे तुम्हाला दिसणारे दाणे म्हणजे डिस्कवरचा कचरा नाही, ते या पिक्चरचं अंग आहे. एका शॉटमध्ये बारीक दाणे आणि लगेच पुढच्यात जाड दाणे असं होतं ना, ते बरोबरच आहे, तिथे तुकडा बदललाय. ते पुसून सगळं एकसारखं गुळगुळीत केलं तर पिक्चर कसा बनला हेच पुसलं जातं.

मला या रिस्टोरेशनबद्दल सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच, गरिबी लपवायचा प्रयत्न नाही. कबरस्तानाचा सीन बघा. डोंगरउतारावर कबरींच्या पायऱ्या पायऱ्या, आणि तिघं पोरं कबरींवरून उड्या मारत, मेलेल्या मुलीला नावाने हाका मारत तिची कबर शोधतायत. भरपूर आकाश आहे फ्रेममध्ये. आकाश म्हणजे रिस्टोरेशनची खरी परीक्षा, कारण मोकळ्या, फिक्या भागात दाणे सगळ्यात जास्त दिसतात आणि सॉफ्टवेअर त्यांनाच आधी खातं. मी टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून बघितलं, आकाशात दाणे नाचतायत, प्रत्येक फ्रेमला नवीन, जिवंत. ज्या डिस्कवर ते गोठल्यासारखे दिसतील, म्हणजे पोरं पळतायत पण मागचं आकाश एखाद्या घाणेरड्या काचेसारखं स्थिर, तिथे नॉइज रिडक्शन, म्हणजे दाणे पुसणारं सॉफ्टवेअर, मारलंय हे नक्की.

मग खराब काम कसं दिसतं? दाणे असले की चांगलं असं समजायचं का?

असंही नाही. दाणे डिस्कवर नीट बसवायला जागा आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा) लागतो. ब्लू-रेवर चित्रासाठी जास्तीत जास्त सेकंदाला ४० मेगाबिट मिळतात, आणि साध्या २५ जीबीच्या डिस्कवर दोन तासांचा पिक्चर वर तासाभराचे एक्स्ट्रा कोंबले की बिटरेट खाली येतो, मग दाण्यांच्या जागी चौकोनी ठोकळे दिसायला लागतात, खास करून अंधारात. दाणा गोल, बारीक, सतत बदलणारा असतो. ठोकळा चौकोनी, आणि क्षणभर तिथेच चिकटून बसलेला. एकदा फरक कळला की आयुष्यभर दिसत राहतो.

चेहरे बघा. पोरं उन्हाळ्यात फिरतायत, कपाळावर घाम, गालावर पुरळ, सॅम ली हाडं दिसतील इतका बारीक. गाल मेणाच्या पुतळ्यासारखे दिसले तर डिस्क परत करा.

आणखी एक. तिथल्या प्रत्येक घराला लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार असतं, आपल्याकडच्या सेफ्टी डोअरसारखं, आणि वसुलीचा धंदा असल्यामुळे पिक्चरमध्ये अशी दारं खूप येतात. त्या गजांच्या कडेला बारीक पांढरी रेघ चमकताना दिसली तर चित्र मुद्दाम धारदार केलंय. नुसत्या लेन्सने सहसा अशी रेघ येत नाही.

आणि सफाई जास्त झाली तरी घोटाळा. धूळ काढणारं सॉफ्टवेअर एका फ्रेममध्ये आलेला आणि पुढच्या फ्रेममध्ये नसलेला ठिपका शोधून पुसतं, मग पावसाचा थेंब, सिगारेटची ठिणगी, उडालेलं पाणी हेही त्याला धूळच वाटतं. पावसात किंवा पाणी उडतं त्या शॉटमध्ये थेंब मधेच नाहीसे होतात का ते बघायचं. एखादा ओरखडा राहिला तर मला चालतं, थेंब गेलेला चालत नाही.

रंग सारखे बदलतात, काही शॉट निळे, काही हिरवट. ग्रेडिंग, म्हणजे रंग बसवण्याचं काम, चुकलंय का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. शॉटागणिक बदलणारा रंग म्हणजे वेगवेगळी फिल्म, वेगवेगळे लाइट, हे मुळातलं आहे. ट्यूबलाइट फिल्मवर हिरवट येते, त्या काळातल्या सगळ्याच कमी बजेटच्या पिक्चरांत असंच. स्वप्नातले काही भाग मुद्दाम निळे ठेवलेत, तेही बरोबर.

पण अख्ख्या पिक्चरवर पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकच पिवळट किंवा हिरवा-निळा पडदा असेल तर तो आजच्या ग्रेडिंगचा. तपासायचं कसं तर ज्या गोष्टीचा रंग तुम्हाला माहितीय ती धरा, पांढरा शाळेचा युनिफॉर्म, टॉयलेटचं भांडं, वर्तमानपत्र, दिवसाचे ढग. उन्हातला पांढरा शर्टसुद्धा लोण्यासारखा पिवळा दिसत असेल तर शंका घ्या. या पिक्चरमध्ये मला तसं जाणवलं नाही, उलट एका सीनमध्येच दोन शॉटचे रंग थोडे वेगळे राहू दिलेत आणि ते मला पटलं.

दिग्दर्शकाने मंजूर केलंय असं लिहिलं असलं की निर्धास्त व्हायचं का?

नाही. दिग्दर्शक माणूस आहे, पंचवीस वर्षांनी त्याचं मन बदलतं. सगळ्यात माहितीतलं उदाहरण हाँगकाँगचाच दिग्दर्शक वाँग कार-वाईचं. २०२१ मध्ये अमेरिकेत त्याच्या पिक्चरांचा जो बॉक्स सेट आला त्यात त्याने स्वतः रंग बदलले, आणि ‘फॉलन एंजल्स’ची तर फ्रेमच १.८५ ची (रुंदी उंचीच्या १.८५ पट) २.३९ केली, म्हणजे वरखालचं कापून आडवी रुंद. त्याचा हक्क आहे, पण मग ते नवीन व्हर्जन झालं, १९९५ ला थिएटरमध्ये लोकांनी बघितलं ते नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही द्यायला हवी होती. ‘मेड इन हाँगकाँग’ची फ्रेम १.८५ ची आहे, म्हणजे आजच्या टीव्हीवर वरखाली अगदी बारीक काळी पट्टी दिसायला हवी.

मूळ १०८ मिनिटांचा आहे, माझ्या कॉपीवर १०४ दाखवतोय. कापलाय का?

बहुतेक नाही. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने चालते. पाल या टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर ती २५ ने पळवायचे, त्याने १०८ चे साधारण १०४ होतात. सीन सगळे असतात पण आवाज थोडा वरच्या पट्टीत जातो आणि सगळे किंचित घाईत बोलल्यासारखे वाटतात. ब्लू-रेवर हा प्रकार असू नये, असला तर समजा मास्टर जुनाच उचललाय.

आवाज कुठला लावायचा? ५.१ असला की चांगलाच ना?

कँटोनीज, आणि मूळ मिक्स. ५.१ (चारी बाजूंनी येणारा सहा चॅनेलचा आवाज) दिलेला असला आणि मूळ ट्रॅकही दिलेला असला तर मूळच लावा. हाँगकाँगच्या जुन्या पिक्चरांचे नवीन ५.१ बनवताना पूर्वी फार वाईट प्रकार झालेत, मूळ आवाज काढून टाकून नव्याने पावलांचे, ठोशांचे, दारांचे आवाज भरले, ऐकताना १९७० सालची गल्ली आणि कालच्या स्टुडिओतला बूट असं दोन्ही एकदम ऐकू येतं. नवीन चकाचक आवाज जुन्या चित्रावर तरंगतो, त्यात मिसळत नाही. मूळ ट्रॅकच दिलेला नसेल तर माझ्या लेखी ती डिस्क अर्धीच.

मँडरिन (चीनची सरकारी भाषा) डब दिलं असेल तर एकदाही लावू नका. या पिक्चरमध्ये कोण कुठल्या भाषेत बोलतं यालाच अर्थ आहे, खाली सबटायटलमध्ये सांगतो.

सबटायटल बरोबर आहेत हे आपल्याला कसं कळणार, कँटोनीज कोणाला येते?

येत नाही, पण कान देऊन ऐकलं तर बरंच कळतं.

नावांपासून सुरू करा. हिरोला सबटायटलमध्ये मून किंवा ऑटम मून म्हणतात. त्याचं खरं नाव चुंग-चाऊ, म्हणजे मध्य-शरद, तिथला जो पौर्णिमेचा मोठा सण असतो त्याचंच नाव. आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या पौर्णिमेच्या आसपास येतो तो, कंदील लावतात, गोल केक खातात, घरचे सगळे एकत्र जमतात. बाप दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेलेला, आई पण पुढे निघून जाते, आणि पोराचं नाव सगळ्यांनी जमायच्या सणाचं. नुसतं मून वाचून यातलं काहीच पोचत नाही. तशीच त्याच्या मित्राची गोष्ट, खाली वाचायला सिल्व्हेस्टर येतं आणि कानावर पडतं आ-लुंग, लुंग म्हणजे ड्रॅगन. सगळ्यांकडून मार खाणारं, पिंगला बघितलं की नाकातून रक्त येणारं ते पोरगं, त्याला घरात-गल्लीत ड्रॅगन म्हणतात. चांगल्या डिस्कमध्ये हे कुठेतरी, पुस्तिकेत तरी, सांगितलेलं असायला पाहिजे.

दुसरं, शिव्या. ही वसाहतीतली पोरं आहेत, कँटोनीज शिवी ही तिथली चटणी आहे, प्रत्येक घासाला लागते. सबटायटलमध्ये सगळे शाळेतल्या निबंधासारखं बोलत असतील तर भाषांतर करणाऱ्याने हात आखडता घेतलाय. जुन्या सबटायटलमध्ये व्याकरणाची बोंब असायची पण कधीकधी शिवी बरोबर बसायची, हेही खरं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं शेवट. गोष्ट फोडत नाही. अगदी शेवटी रेडिओवरचा आवाज येतो, माओने तरुणांना उद्देशून केलेलं भाषण, जग तुमचं आहे अशा अर्थाचं, आणि मग निवेदिका सांगते की आता हेच मँडरिनमधून शिकू या. एवढा वेळ कँटोनीज ऐकल्यावर ते वाक्य कानावर येतं. १९९७ साल, राज्य बदललंय, आता राज्याची भाषा शिका. इथे सबटायटलने ‘मँडरिन’ हा शब्द स्पष्ट द्यायला पाहिजे, नाहीतर परदेशातल्या माणसाला नुसतं रेडिओवर काहीतरी चाललंय एवढंच कळतं. मी कुठलीही नवीन कॉपी हातात आली की शेवटची दोन मिनिटं आधी लावून हेच बघतो. आपण मराठी माणसं, शाळा कुठल्या भाषेत आणि पाटी कुठल्या भाषेत यावर जन्मभर बोलणारी, आपल्याला ते वाक्य लगेच लागतं.

भारतात घेतलेल्या प्लेअरवर चालेल का?

हे आधी बघा आणि मगच पैसे भरा. ब्लू-रेचे तीन रिजन, म्हणजे जगाचे तीन भाग, एका भागाची डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर चालू नये म्हणून केलेले. हाँगकाँग, जपान, कोरिया, तैवान, अमेरिका हे ए मध्ये. ब्रिटन, युरोप बी मध्ये. भारत सी मध्ये. म्हणजे हाँगकाँगचीही डिस्क आपल्या रिजनची नाही आणि लंडनचीही नाही. काही डिस्क सगळ्या रिजनच्या असतात, मागच्या बाजूला रिजनच्या चिन्हात ए-बी-सी तिन्ही अक्षरं आहेत का बघा. डीव्हीडीला वेगळे आकडे, हाँगकाँग ३, भारत ५. ४के यूएचडी डिस्कला रिजन नसतो, कुठलीही कुठेही चालते, पण तिच्यासोबत जी साधी ब्लू-रे येते तिला असू शकतो.

माझ्या मावसभावाने पुण्यातून एका विक्रेत्याकडे ‘ऑल रिजन’ असं बोलून डिस्क मागवली, आली, प्लेअरमध्ये घातली, स्क्रीनवर रिजन चुकीचा असल्याची पाटी. परत पाठवायचा खर्च डिस्कच्या किमतीएवढा, म्हणून ती तशीच माझ्याकडे आली, माझा प्लेअर सगळे रिजन वाचतो. विक्रेता तोंडाने काय म्हणतो ते सोडा, मागच्या बाजूचा फोटो मागा.

४के डिस्क पाहिजेच का? ऑनलाइन बघितलं तर?

४के हवीच असं नाही. अशा फिल्मला रेझोल्यूशनपेक्षा दाणे नीट सांभाळणं महत्त्वाचं, आणि चांगली बनवलेली साधी ब्लू-रे ते करते. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक वाढवणारं) असेल तर ट्यूबलाइट आणि निऑन डोळ्यात घुसणार नाहीत ना एवढं बघा. ऑनलाइन बघायला हरकत नाही, अजिबात न बघण्यापेक्षा केव्हाही चांगलं, फक्त बिटरेट फार कमी असतो आणि दाणेदार पिक्चर त्यात सगळ्यात आधी मार खातो. तिथे बघून डिस्कबद्दल मत करू नका.

टीव्हीवर काही सेटिंग बदलायचं का?

हो, आधी हेच करा. नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूथिंग बंद, शार्पनेस खाली, व्हिव्हिड मोड बंद, सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड चालू. मला ‘डिस्कवर चेहरे मेणासारखे आहेत’ म्हणून फोन करणाऱ्या दोघांच्या घरी जाऊन बघितलं, दोन्हीकडे डिस्क उत्तम होती, टीव्हीच चेहरे पुसत होता.

एवढ्या कमी पैशाच्या पिक्चरवर इतका खर्च करायचा कशाला? त्याला तर मुळातच चांगलं दिसायचं नव्हतं.

हे वाक्य ऐकलं की मला त्रास होतो. त्याला चांगलं दिसायचं होतं, पैसे नव्हते. फ्रेम बघा एकेक, गोल इमारतींच्या मधल्या खोल विहिरीसारख्या जागा, गच्चीच्या कडा, जाळीतून दिसणारा अर्धा चेहरा. पाच माणसांनी उरलेल्या फिल्मवर हे केलंय. मॅगझिनमध्ये दोन मिनिटांची फिल्म असताना रीटेक मागताना काय वाटत असेल याचा विचार करा.

आणि मोठ्या पिक्चरांना वाली असतो. शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या मोठ्या स्टुडिओची ७६० पिक्चरांची लायब्ररी २००० मध्ये सेलेस्टियल पिक्चर्सने घेतली, त्यांचे मास्टर निघाले, ते जगभर विकले गेले. छोट्या स्वतंत्र पिक्चरच्या निगेटिव्हमागे असं कोणी नसतं. हाँगकाँगची हवा दमट, आपल्या मुंबई-कोकणासारखी, तशा हवेत अ‍ॅसिटेट फिल्म कुजायला लागते, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आकसते, वाकते, मग स्कॅनरमधून जातच नाही. तिथल्या सरकारी फिल्म अर्काइव्हची साय वान होची इमारत २००१ मध्ये उघडली, तोवर किती गेलं असेल. आपण पण पोळलेलो आहोत, जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या व्हॉल्टला आग लागली आणि प्रभातच्या पिक्चरांच्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. त्यानंतर कितीही पैसे असले तरी त्या निगेटिव्हवरून ४के स्कॅन होणार नाही. म्हणून १९९७ चा हा पिक्चर विसाव्या वर्षी वाचवला याचं मला फार अप्रूप आहे.

एक्स्ट्रा काय असावेत?

दिग्दर्शकाची मुलाखत, रिस्टोरेशनच्या आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी शेजारी, आणि शूटिंग कुठे झालं त्याची माहिती. बाकी पोस्टर, कार्ड, चकचकीत डबा यासाठी जास्त पैसे देऊ नका.

घरी सगळ्यांसोबत बघता येईल का?

लहान मुलांसोबत नको. आत्महत्या आहे, ती पुन्हा पुन्हा दिसते, रक्त आहे, मारामारी आहे आणि शेवट फार जड आहे. घरात कोणी अलीकडेच अशा प्रसंगातून गेलं असेल तर आधी त्यांना विचारा. कॉलेजातल्या मुलांना जरूर दाखवा, पण नंतर सोबत बसायला वेळ ठेवून.

माझ्याकडे जुनी दोन सीडींची व्हीसीडी आहे. आता टाकून देऊ का?

टाकू नका. चित्र बघायला तिचा काही उपयोग नाही, ३५२ बाय २४० किंवा २८८ म्हणजे आजच्या फोनवरच्या छोट्या व्हिडिओपेक्षा कमी. पण अशा व्हीसीडीवर बऱ्याचदा डाव्या चॅनेलला एक भाषा आणि उजव्याला दुसरी असायची, बॅलन्स एका बाजूला फिरवून बघा, कँटोनीज सापडेल. तो आवाज नंतर कोणी हात लावण्याआधीचा आहे. चित्रात छापलेली जुनी सबटायटल असतील तर त्या वेळी बाहेरच्या लोकांनी हा पिक्चर कुठल्या शब्दांत वाचला ते त्यात आहे. एक कॉपी हार्ड डिस्कवर काढा, सीडी उन्हापासून लांब उभी ठेवा, आणि नवीन डिस्क आली की शेवटची दोन मिनिटं दोन्हींवर लावून बघा, रेडिओवालं वाक्य कुठल्या सबटायटलमध्ये नीट आलंय ते मलाही कळवा.